मुंबईची नवी घरे कोठे उभी राहात आहेत?

२००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतच्या जुन्या मुंबईची, लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर आली. त्याच दहा वर्षांत उपनगर जिल्हा ८६ लाख ४० हजारांवरून ९३ लाख ५७ हजारांवर गेला आणि पालघर वेगळा होण्यापूर्वीचा ठाणे जिल्हा ८१ लाख ३१ हजारांवरून थेट १ कोटी १० लाख ६० हजारांवर पोहोचला. विशेष म्हणजे लोअर परळ, प्रभादेवी, वरळी येथील गिरण्यांच्या जमिनीवर टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या त्या याच काळात. म्हणजे शहरात मजले वाढले आणि माणसे कमी झाली! इमारत किती उंच आहे आणि त्यात कोणाला घर मिळते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. घर घेऊ पाहणाऱ्या आपल्या वाचकांनी आणि बांधकामाच्या धंद्यावर पोट असलेल्या कारागिरांनी ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी.

मोकळी जमीन असते तेथे बांधकाम होते, असा सर्वसाधारण समज आहे. मुंबईला तो लागू पडत नाही. येथे बांधकाम होते ते नियम जेथे जादा चटई क्षेत्र (एफ.एस.आय.) देतो तेथे आणि रेल्वे, रस्ता किंवा मेट्रो जेथे नव्याने पोहोचते तेथे. आजमितीस नव्या सदनिका दोन ठिकाणी एकवटल्या आहेत. महापालिकेच्या हद्दीत त्या जुनी इमारत पाडून तयार होत आहेत आणि हद्दीबाहेर ठाणे, कल्याण, वसई-विरार, तळोजा, पनवेलच्या बाजूला त्या मोकळ्या किंवा बंद कारखान्यांच्या जमिनीवर होत आहेत. पहिल्या ठिकाणी भाव आपल्या आवाक्याबाहेर आहे. दुसऱ्या ठिकाणी भाव परवडतो, पण कागद कच्चा निघण्याची भीती आहे. आपल्या समाजातील मध्यम आणि अल्प उत्पन्नाचे लोक प्रामुख्याने दुसऱ्या ठिकाणी जातात. पहिल्या ठिकाणी मात्र ते पागडीच्या खोलीच्या रूपाने आधीपासून बसलेले आहेत आणि तेथला आपला हक्क स्वस्तात विकून बाहेर पडत आहेत.

उत्तरेकडे का वळले?

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने टी.डी.आर. आणला. आरक्षणाखाली जमीन गेली की मालकाला रोख पैशाऐवजी बांधकामाचा हक्क मिळू लागला. तो हक्क मूळ जागेवर वापरता येत नसे. उत्तरेकडच्या उपनगरात वापरावा लागे. १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आले आणि झोपडपट्टी योजनांतून निघालेल्या टी.डी.आर.ची त्यात भर पडली. दक्षिणेत कागद जन्माला यायचा आणि त्याचे मजले अंधेरी, मालाड, कांदिवली, बोरिवलीत चढायचे. पश्चिम उपनगरांत त्या काळी जी गर्दी झाली ती काही निव्वळ लोकांच्या आवडीने झाली नाही, नियमानेच ती तिकडे ढकलली.

पूर्वेकडे लालबहादूर शास्त्री मार्गावर भांडुप-मुलुंडपर्यंत आणि पुढे ठाण्याला पोखरण रोड, कोलशेत, घोडबंदरपर्यंत कारखान्यांच्या जमिनी होत्या. कारखाने बंद पडत गेले. ठाण्यातील रेमंडची कापड गिरणी २००९ मध्ये बंद झाली आणि २०१९ मध्ये त्याच कंपनीने त्या जमिनीवर घरे बांधायला घेतली. कोलशेतला क्लॅरियंट या रसायन कंपनीची जमीन २०१४ मध्ये एका मोठ्या विकासकाने घेतली, आज तेथे वसाहत आहे. ज्या जमिनीवर तीन पाळ्यांत कामगार राबत होता त्या जमिनीवरची सदनिका त्याच्या मुलाला परवडत नाही, हा मुंबई-ठाण्याचा जुना अनुभव आहे. असो.

नागरी कमाल जमीन धारणा कायदा महाराष्ट्रात नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द झाला. जमिनी मोकळ्या होतील, घरे स्वस्त होतील, असे तेव्हा सांगण्यात आले होते. जमिनी मोकळ्या झाल्या. स्वस्ताईचे काय झाले ते वाचक जाणतातच.

पाडा आणि बांधा

आता महापालिकेच्या हद्दीत मोकळे भूखंड जवळपास संपले आहेत. चेंबूर, घाटकोपर, विलेपार्ले, गोरेगाव, कांदिवली, बोरिवली येथे गल्लीबोळांतून फिरले तर पत्र्यांनी झाकलेले प्लॉट दिसतात. त्या प्रत्येक पत्र्यामागे काल एक सोसायटी होती. १९६० ते १९८० च्या दरम्यान बांधलेल्या तळमजला अधिक तीन-चार मजल्यांच्या या इमारती आहेत. त्या पडायला आल्या हे एक कारण झाले. खरे कारण नियमांत आहे. जानेवारी २०१२ मध्ये प्रीमियम भरून ३५ टक्के 'फंजिबल' क्षेत्र मिळू लागले. १ सप्टेंबर २०१८ पासून नवी नियमावली (डी.सी.पी.आर. २०३४) लागू झाली आणि रस्ता जितका रुंद तितके चटई क्षेत्र अधिक, असे तत्त्व आले. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने पुनर्विकासासाठी लागणारी सभासदांची संमती ५१ टक्क्यांवर आणली. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने बांधकामाचे प्रीमियम वर्षअखेरपर्यंत निम्मे केले. त्या एका वर्षात विकासकांनी मंजुऱ्या घेऊन ठेवल्या आणि पुढे दोन-तीन वर्षे पाडापाडीचा आवाज थांबला नाही. अंधेरी ते दहिसर मेट्रोचे दोन्ही मार्ग जानेवारी २०२३ पासून पूर्णपणे सुरू झाले, त्याने या पट्ट्याला आणखी बळ मिळाले.

याचे गणित साधे आहे. समजा, सोसायटीत ४० सभासद आहेत. त्यांना थोडी मोठी सदनिका फुकट, शिवाय बांधकाम चालू असेतोपर्यंतचे भाडे. हा सारा खर्च, प्रीमियम आणि नफा वरच्या विक्रीच्या सदनिकांतून निघायचा असतो. म्हणून विक्रीची सदनिका महागच राहणार. ४० घरांचा बोजा घेऊन ४१ वे घर स्वस्त होऊ शकत नाही. पुनर्विकासामुळे मुंबईत घरे वाढली की भाव उतरतील, असे जे सांगतात त्यांनी हे गणित मांडून पाहावे. पुनर्विकासात ज्याचे आधीच घर आहे तो कर्जाशिवाय, व्याजाशिवाय नव्या घरात जातो. बाहेरून येणाऱ्याला मात्र सर्व किंमत मोजावी लागते.

पागडीची खोली विकण्यापूर्वी

आपल्या जुन्या मोहल्ल्यांचा प्रश्न येथेच येतो. नागपाडा, मदनपुरा, भायखळा, डोंगरी, भेंडीबाजार, नळबाजार, माहीम येथे आपली हजारो कुटुंबे पागडीच्या खोल्यांत तीन-तीन पिढ्या राहात आहेत. या बहुतेक इमारती उपकरप्राप्त, म्हणजे ज्यांच्या भाडेकरूंकडून दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो अशा आहेत. १९६९ च्या कायद्याने ही व्यवस्था झाली तेव्हा अशा इमारतींची संख्या १९,६४२ होती. त्यांतील बऱ्याच पडल्या किंवा पाडल्या गेल्या, तरी हजारो अजून उभ्या आहेत. काही नुसत्या टेकूंवर. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारमधील हुसैनी इमारत कोसळून ३३ जण मृत्यू पावले. १६ जुलै २०१९ रोजी डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग पडून डझनाहून अधिक बळी गेले.

अशा घरात राहणाऱ्या माणसाला कोणी येऊन रोख रक्कम दाखवतो, तेव्हा तो मुंब्र्यात किंवा मीरा रोडला दोन खोल्या घेऊन मोकळा होतो. मुलगी लग्नाची आहे, भावांची वाटणी करायची आहे, छत गळते आहे. कारणे खरी असतात. परंतु सही करण्यापूर्वी आपण काय देतो आहोत ते तरी ठाऊक असावे.

उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासासाठी नियमावलीत ३३(७) हे कलम आहे. त्यात पात्र भाडेकरूला मालकी हक्काने किमान ३०० चौरस फूट कारपेट क्षेत्राची सदनिका विनामूल्य मिळते. आज त्याची खोली १२० चौरस फुटांची असली तरी त्याला ३०० चौरस फूट मिळायलाच हवेत. मोठी खोली असेल तर तितके क्षेत्र, नियमातील कमाल मर्यादेपर्यंत, मिळते. दुकानदाराला गाळ्याच्या बदल्यात गाळा. यासाठी ५१ टक्के रहिवाशांची संमती पुरते. पात्रतेची मेख मात्र कागदांत आहे. १३ जून १९९६ नंतर निर्माण केलेली नवी भाडेकरू नोंद, म्हणजे मालकाने खोल्यांचे तुकडे पाडून वाढवलेली नावे, धरली जात नाहीत. म्हाडाकडून भाडेकरूंची यादी प्रमाणित व्हावी लागते.

येथे आपले लोक फसतात. भाडेपावती आजोबांच्या नावावर, वीजबिल वडिलांच्या नावावर, रेशनकार्ड काकांच्या पत्त्यावर आणि राहतो पुतण्या! आजोबांचा इंतकाल होऊन ३० वर्षे झाली, पावती बदलून घेतली नाही कारण मालकाचा मुनीम त्यासाठी पैसे मागत होता. यादी होण्याची वेळ आली की भाऊबंदकी सुरू होते, बहिणींचा हिस्सा विसरला जातो आणि प्रकरण लघुवाद न्यायालयात जाते. घरात वारस कोण, कोणाचा किती हक्क, हे शरीअतप्रमाणे एकदा बसून कागदावर घ्यावे आणि पावती हयात माणसाच्या नावावर करून घ्यावी. हे काम विकासक येण्यापूर्वीचे आहे, नंतरचे नाही. पागडी घेणे-देणे ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने कायदेशीर केले आहे, म्हणून हस्तांतरणाचा व्यवहारही साध्या चिठ्ठीवर न करता नोंदवून करावा.

भेंडीबाजारमध्ये सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने २००९ पासून हाती घेतलेला समूह पुनर्विकास या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. साडेसोळा एकर जमीन, सुमारे २५० इमारती, ३,२०० कुटुंबे आणि १,२५० दुकाने एका योजनेत आली. एकेक इमारत वेगळी केली तर चिंचोळ्या गल्लीत ना अग्निशमनची गाडी वळते, ना वाहनतळ होतो. सगळे मिळून केले तर रस्ताही रुंद होतो. त्या योजनेलाही वेळ लागला, विरोध झाला, खटले झाले. पण एका जमातीने पैसा आणि विश्वास एकत्र केला तर बाजारातला सर्वांत गुंतागुंतीचा तुकडा हलू शकतो, हे तेथे दिसले. बाकीच्या मोहल्ल्यांत जमातखाने आहेत, ट्रस्ट आहेत, मालमत्ता आहेत. भाडेकरूंची यादी करून देण्याइतके काम तरी त्यांना अवघड नसावे.

हद्दीबाहेरची वाट

१९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबांनी मुंब्रा-कौसा आणि मीरा रोडचा नयानगर गाठला. तेथे आपली माणसे होती, मशीद होती, मदरसा होता आणि घर देणारा नाव विचारून मागे फिरत नव्हता. इतर ठिकाणी सोसायटीत घर नाकारण्याचे प्रकार आजही घडतात, आणि त्यामुळे आपली मागणी ठराविक चार-पाच वस्त्यांतच कोंडली जाते. कोंडलेल्या मागणीचा फायदा कोण घेतो? कागद नसलेला बिल्डर. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ शकत नाही हे त्याला पक्के ठाऊक असते.

४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधील बेकायदा इमारत, बांधकाम चालू असतानाच, कोसळली. ७४ माणसे ठार झाली, त्यांत मजुरांची मुलेही होती. एवढे झाल्यावर तेथली बेकायदा बांधकामे थांबायला हवी होती. प्रत्यक्षात जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला शिळ भागातीलच १७ बेकायदा इमारती पाडण्याचा आदेश द्यावा लागला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. ज्यांनी आयुष्याची पुंजी तेथे घातली होती त्यांच्या हाती काय राहिले?

हे दुखणे आपल्याच वस्तीपुरते आहे असेही नाही. नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रकल्प आणि कचराभूमीसाठी राखीव असलेल्या जमिनीवर ४१ इमारती उभ्या राहिल्या. बनावट कागदांवर घरे विकली गेली. नोव्हेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२५ या काळात त्या सगळ्या पाडण्यात आल्या आणि सुमारे अडीच हजार कुटुंबे रस्त्यावर आली. विरारमध्ये ऑगस्ट २०२५ मध्ये रमाबाई अपार्टमेंट ही बेकायदा इमारत कोसळून १७ जण गेले. त्यातील एक कुटुंब चिमुकलीचा वाढदिवस साजरा करीत होते.

कल्याण-डोंबिवलीचा मासला तर डोळे उघडणारा आहे. तेथे ६५ इमारतींना महापालिकेची खोटी बांधकाम परवानगी जोडून महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले. गिऱ्हाइकांनी क्रमांक तपासला होता. बँकांनी कर्जेही दिली होती! उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या इमारती पाडण्याचे आदेश दिले. 'बँक लोन देते म्हणजे कागद पक्के' हा जो मंत्र प्रत्येक दलाल म्हणतो, त्याची किंमत यावरून समजावी. आमच्या मते या प्रकरणानंतर एकच तपासणी शिल्लक राहते, ती म्हणजे स्वतः महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन त्या इमारतीच्या सर्व्हे नंबरला खरोखर परवानगी दिली आहे का, हे पाहणे. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करूनही ते कळते. महिनाभर लागतो. घर ३० वर्षांसाठी घ्यायचे असेल तर महिना मोठा नाही.

मग सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, जमीन अकृषिक आहे का, विकास आराखड्यात तिच्यावर आरक्षण आहे का, हे ओघाने येते. महारेरा १ मे २०१७ पासून लागू आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा भूखंड आणि आठपेक्षा अधिक सदनिका असलेल्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची आहे. याचा अर्थ सात-आठ खोल्यांची इमारत छोट्या प्लॉटवर उठवणारा या कायद्यातून सुटतो, आणि आपल्या वस्त्यांत असेच बांधणारे अधिक. नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. तो निम्मी रोख मागत असेल तर तेथूनच सलाम करून निघावे. पाणी कोठून येते हेही पाहावे. भोगवटा प्रमाणपत्र नसलेल्या इमारतीतील माणूस टँकरला जे पैसे देतो, त्यात स्वस्त घराचा सगळा फायदा काही वर्षांत वाहून जातो.

सध्या नवीन बांधकामाचा जोर कोठे सरकतो आहे? ठाण्यात घोडबंदर रस्ता, मेट्रोचे खांब उभे राहिले तसे तेथले मजले वाढले. शिळफाटा-कल्याण रस्त्यावर पलावासारखी आखीव नगरे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे खाडीपलीकडचा पट्टा. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली, त्यामुळे तळोजा खारघरला जोडले गेले. शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू आणि उरणची लोकल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले व डिसेंबरअखेर विमाने उडू लागली. उलवे, द्रोणागिरी, पनवेल, तळोजा येथे इमारतींची रांग लागली ती याच आशेवर. तळोज्यात आपली जुनी वस्ती आहे, पनवेलमध्ये कोकणी मुस्लिम पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे नवख्याला अगदी परकेपण वाटत नाही. येथील सिडकोचे भूखंड भाडेपट्ट्यावर दिलेले आहेत, तेव्हा भाडेपट्ट्याचा करार पाहावा. गावठाणाच्या कडेला बिनपरवाना उठलेल्या इमारतीतली खोली आणि सिडकोच्या प्लॉटवरची सदनिका समोरासमोर असतात. दलाल दोन्हींना 'नवी मुंबई' म्हणतो.

पैसा कसा उभा करावा

व्याजी कर्जापासून दूर राहू इच्छिणाऱ्यांना हिंदुस्थानात इस्लामी बँकेचा पर्याय नाही. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये तो विचार पुढे न नेण्याचे स्पष्ट केले. मग उरतो तो बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे थेट विकासकाला हप्ते देण्याचा मार्ग. फिकहमध्ये वस्तू बनवून घेण्याच्या अशा व्यवहाराला 'इस्तिस्ना' म्हणतात. वस्तूचे वर्णन पक्के असावे, किंमत ठरलेली असावी, ही त्याची अट आहे. नोंदणीकृत करारनाम्यात कारपेट क्षेत्र, लादी, खिडक्या, ताब्याची तारीख हे सारे लिहिलेले असते, त्या दृष्टीने तो कागद उपयोगी पडतो. मात्र त्याच करारनाम्यात हप्ता चुकल्यास व्याज, ताबा लांबल्यास विकासकाकडून व्याज, अशी कलमे असतात. त्यांचे काय करावे ते आपल्या मुफ्तींना विचारूनच सही करावी. 'ताब्यापर्यंत हप्ता नाही' अशी जाहिरात पाहून भुलू नये. त्यामागे आपल्या नावावरचे बँकेचे कर्ज असते आणि तूर्त त्याचे व्याज विकासक भरत असतो, इतकेच.

भिशी हा आपल्याकडचा जुना आधार आहे. चिठ्ठी टाकून ज्याचा नंबर लागेल त्याला पूर्ण रक्कम, ही भिशी वेगळी आणि कमी रकमेची बोली लावून उचल करण्याची भिशी वेगळी. दुसरीत व्याज मागील दाराने येते. भावाभावांनी मिळून घर घेतले तर प्रत्येकाचा हिस्सा करारनाम्यातच लिहावा, तोंडी ठेवू नये.

सरकारी खर्चही आधी मोजावा. ६० लाखांची बांधकाम चालू असलेली सदनिका मुंबईत घेतली तर ६ टक्क्यांप्रमाणे मुद्रांक शुल्क ३ लाख ६० हजार, नोंदणी ३० हजार आणि ५ टक्के जी.एस.टी. ३ लाख, मिळून ६ लाख ९० हजार होतात. ठाण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के पडते, म्हणजे तीच बेरीज साडेसात लाखांवर जाते. घर बायकोच्या किंवा आईच्या एकटीच्या नावावर घेतले तर शुल्कात १ टक्का सूट आहे, येथे तिचे ६० हजार रुपये वाचतात. महानगरात ६० चौरस मीटर कारपेटपर्यंत आणि ४५ लाखांच्या आतील घराला जी.एस.टी. १ टक्काच लागतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर विकल्या जाणाऱ्या सदनिकेला तो मुळीच नाही.

कारागिरांसाठी

बांधकामाच्या धंद्यात आपले लोक भरपूर आहेत. नागदेवी स्ट्रीटवर हार्डवेअर, लोहार चाळीत विजेचे सामान, ओशिवऱ्याला फर्निचर, कुर्ल्याच्या गाळ्यांतून ग्रील आणि अॅल्युमिनियमची कामे. सुतार, लादीवाला, प्लंबर, रंगारी यांत तर आपलीच संख्या मोठी. यांच्या दृष्टीने बांधकाम कोठे आहे याइतकेच ते कोणत्या पद्धतीचे आहे हेही महत्त्वाचे आहे. मोठ्या टॉवरमध्ये आता 'माइवान' म्हणून ओळखले जाणारे अॅल्युमिनियमचे साचे वापरतात. भिंती आणि स्लॅब एकदमच ओततात. सेन्ट्रिंगचा सुतार लागत नाही, विटांचे काम जवळजवळ नाही, प्लास्टरही थोडे. दरवाजे कारखान्यातून तयार येतात. त्यामुळे चाळीस मजल्यांच्या टॉवरमध्ये स्थानिक सुताराला जितके काम असेल असे वाटते तितके नसते. उपनगरांतील सोसायटीच्या पुनर्विकासात, म्हणजे सात ते पंधरा मजल्यांच्या इमारतींत, अजून जुन्या पद्धतीचे काम बरेच निघते.

टॉवरमध्ये लहान कारागिराचे खरे काम ताबा दिल्यानंतर सुरू होते. ओटा बदला, सेफ्टी ग्रील लावा, कपाट करा, पी.ओ.पी. करा. हे पैसे घरमालक देतो, रोख देतो आणि वेळेवर देतो. महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाची ठरलेली पूर्णतेची तारीख आणि सदनिकांची संख्या कोणालाही फुकट पाहता येते. खारघर-तळोजा किंवा घोडबंदरला येत्या वर्षात कोणत्या इमारतींचा ताबा आहे याची यादी एखादा शिकलेला मुलगा दोन दिवसांत काढील. कुर्ल्यात भाडे भरत गिऱ्हाइकाची वाट पाहण्यापेक्षा त्या यादीप्रमाणे जाऊन छोटा गाळा घेणे फायद्याचे ठरावे. सिमेंटवरचा जी.एस.टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. 'विथ मटेरियल' ठेका घेणाऱ्यांनी जुन्या दराने लिहिलेली कोटेशने बदलून घ्यावीत, नाहीतर गिऱ्हाईकच ते दाखवून देईल.

विकासकाकडे माल टाकणाऱ्यांची जुनी तक्रार उधारीची. सहा महिने, वर्ष, कधी पैशाऐवजी फ्लॅटच गळ्यात. २००६ च्या लघुउद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म व लघु उद्योगाचे बिल लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत चुकते व्हायला हवे. २०२४ पासून आयकरात अशी तरतूद आहे की या मुदतीत न दिलेल्या बिलाची वजावट खरेदीदाराला त्या वर्षी मिळत नाही. त्यामुळे विकासकाचा हिशेबनीस मार्चमध्ये असे पुरवठादार स्वतः शोधू लागतो. हा लाभ माल बनवणाऱ्याला किंवा सेवा देणाऱ्याला आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. ग्रील बनवणारा फॅब्रिकेटर त्यात बसतो, तयार ग्रील आणून विकणारा बसत नाही. त्यासाठी उद्यम नोंदणी लागते. ती आधार क्रमांकावर ऑनलाइन होते आणि तिला एक पैसाही फी नाही. नोंदणीचा क्रमांक पहिल्याच बिलावर छापलेला असावा.